मानेचा पुरावा

सिग्नलला उभ्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली, तेव्हा टेलरबाई शेजारी बसलेल्या नवऱ्याला उशीर केल्याबद्दल फैलावर घेत होती. बोलणं तोंडातच राहिलं आणि मान लचकली. विमा कंपनीने गाडीला आठवड्यात नवाकोरा बंपर बसवून दिला. मान मात्र महिना उलटला तरी तशीच. पत्र्याचं दुखणं सगळ्यांना दिसतं, माणसाच्या दुखण्याला पुरावा लागतो. हा कुठला न्याय!

घरात जो तो डॉक्टर झाला होता. जाऊ म्हणे तेल चोळा, नवरा म्हणे गोळ्या घे आणि पडून राहा. खऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, "नस दबलीय. दीड महिना फिजिओथेरपी करा. चालढकल केलीत, तर आज बोटांना नुसत्या मुंग्या येतायत, उद्या बोटं बधिर होतील." शिवणावर पोट असलेल्या बाईला बोटं बधिर होणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको.

फिजिओथेरपीचा खर्च मागितला तर विमा कंपनी म्हणाली, आमचा माणूस पाहून जाईल, मग मंजुरीचं बघू.

तो आला. टक्कल, फाईल आणि साखरेत घोळलेला आवाज. दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाला, "ताई, मान डावीकडे वळवा. आता उजवीकडे. दुखतं?"

"दुखतं तर! हौस म्हणून बोलावलंय का तुम्हाला?"

तो हसून लिहीत राहिला. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. टेलरबाईने दोनदा नजर फिरवली, तिसऱ्यांदा तिला राहवेना. लोंबतं बटण दिसलं की तिचे हात शिवशिवायचे, मग समोर वैरी का असेना.

"आणा तो हात इकडे," म्हणत तिने सुई ओवली, दुखणं सोसत मान वाकवली आणि चार टाक्यांत बटण पक्कं केलं.

"वा, ताई!" तो म्हणाला. मग फाईल ओढून मोठ्याने वाचत लिहू लागला, "मान वाकवून बारीक काम सहज करतात. फिजिओथेरपीची गरज नाही. गोळ्या पुरेत." त्याने कागद पुढे सरकवला. "सही करा, म्हणजे प्रकरण मिटलं. पुढे काही मागता येणार नाही."

टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचं बटण लावलं ते चुकलंच माझं!"

"अगं, कर ना सही," नवरा दारातून म्हणाला. "कटकट मिटेल."

"तुमची मिटेल! मान माझी आहे!"

"रागावू नका, ताई. मी पाहिलं तेवढंच लिहिलं." त्याने पेन द्यायला हात पुढे केला आणि तो थबकला. बाही लाल झाली होती. "अरेच्चा, सुई टोचली वाटतं मला." त्याने मनगट उलटसुलट करून पाहिलं. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता.

मग तिघांनीही टेलरबाईच्या हाताकडे पाहिलं. तर्जनीत सुई आरपार गेली होती आणि टोकावरून रक्त ठिबकत होतं. ती कधी घुसली, तिला कळलंच नव्हतं. अजूनही कळत नव्हतं. तिचा राग दुपटीने परतला.

तिने ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

"पाहिलं तेवढंच लिहिता ना? मग हे लिहा."