उसना झेंडा

कुंदाने आयुष्यात शेकडो झेंडे शिवले होते, आणि झेंडा कुणाचा हे एकदाही विचारलं नव्हतं. इचलकरंजीत तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. निवडणूक लागली की एका कोपऱ्यात एका पक्षाच्या झेंड्यांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात त्याच्या कट्टर विरोधकाच्या झेंड्यांचा, आणि मधल्या बाकड्यावर दोन्हीकडचे कार्यकर्ते मांडीला मांडी लावून चहा पीत बसलेले. वडिलांची शिस्त एवढीच, की कापड सरळ धरायचं, किनार दुहेरी शिवायची आणि गिऱ्हाइकाच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. कुंदाच्या हाताला ती शिस्त लहानपणीच लागली. पुढे ती जर्मनीत आली तेव्हा बॅगेतल्या मसाल्यांचं काय होईल याची काळजी नवऱ्याने केली, तिने शिलाई मशीनची केली.

नवरा श्यामकांत गिअरबॉक्सवाला इंजिनिअर. रेगेन्सबर्गच्या उत्तरेला अर्ध्या तासावरच्या एका गावात त्यांनी घर घेतलं. गाव छोटं, माणसं मोजून बोलणारी. पहिली दोन वर्षं कुंदा बेकरीत बोट दाखवून पाव आणत होती. मग शेजारच्या हेल्गाने तिला हाताला धरून वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या गाण्या-नाचांच्या, क्लबात नेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात अमेरिकन सैनिकांचे तळ पडले होते. गावागावातल्या लोकांनी त्यांची गाणी उचलली, टोप्या उचलल्या आणि रांगेत उभं राहून करायचे नाचही उचलले. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला गावातले सुतार, शेतकरी, पोस्टातल्या बाया गुराख्याच्या टोप्या घालून हॉलमध्ये जमत. पहिल्या दिवशी कुंदाला हसू आवरेना. पण ती शाळेत लेझीम खेळलेली बाई, आठ मोजून वळायचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिसऱ्या गुरुवारी ती पहिल्या रांगेत होती.

तिथल्या स्टेजमागच्या भिंतीवर एक जुना झेंडा होता. लाल जमीन, तिच्यावर निळी फुली, फुलीत तेरा पांढऱ्या चांदण्या. कसरीने तो पार खाल्लेला. कुंदाला त्या भोकांकडे बघवेना. क्लबच्या पंचविसाव्या वर्षी, २००९ साली, तिने तीन आठवडे खपून नवा शिवला. तीन मीटर लांब, प्रत्येक चांदणी काजाच्या टाक्याने लावलेली. झेंडा वर चढला तसा अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. क्लबचा अध्यक्ष अलोईस, हेल्गाचा नवरा, हाडाचा सुतार. त्याने त्या आनंदात तिच्या मशीनसाठी ओक लाकडाचं टेबल करून दिलं. त्या दिवसापासून ती गावाची 'उन्झेरे कुंदा' झाली, आपली कुंदा.

एक बारीकशी गोष्ट तेव्हा घडली होती. क्लबात वस्तू आली की कागद आला. कागदावर दोन चौकोन होते, भेट आणि उसनी. भेट दिली तर आणखी दोन पानं भरायची होती. श्यामकांतला जर्मन फॉर्म दिसला की घाम फुटायचा. तो म्हणाला, "उसनी म्हणून टाक ना. एका सहीत काम होतंय. कोण बघतंय नंतर?" कुंदाने उसनीवर फुली मारली आणि दोघंही ते विसरून गेले.

आठ वर्षं गेली. २०१७च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलची बातमी आली. कुठल्याशा सेनापतीचा पुतळा हलवायचा म्हणून मशाली घेऊन माणसं रस्त्यावर उतरली होती. एक बाई जिवानिशी गेली. त्या गर्दीत कुंदाला आपला झेंडा दिसला. तिची तव्यावरची पोळी करपली.

"तोच आहे का गं हा?" तिने मुलीला विचारलं. ऊर्जा बारावीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. तिने टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. नववीत असतानाच मी तुला सांगितलं होतं, माणसं गुलाम ठेवता यावीत म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धात जी राज्यं लढली त्यांचा आहे तो, असं तिने जर्मनमध्ये सुनावलं. मग आईचा चेहरा बघून मराठीत म्हणाली, "तू तेव्हा चकलीचं पीठ मळत होतीस."

कुंदाला आठवलं. मुलगी काहीतरी बोलत होती आणि आपण 'हो का' म्हणालो होतो.

पुढच्याच गुरुवारी हॉलच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. पन्नाशीची, कृष्णवर्णीय, हातात कापडी पिशवी, पिशवीतून लाल बुटांची टोकं बाहेर आलेली. तिने स्टेजकडे पाहिलं, पिशवी काखेत दाबली आणि आल्या पावली वळली. सगळे रांगेत पाठमोरे होते, एकट्या कुंदाने मान वळवली होती म्हणून तिने बाईला जाताना पाहिलं. ती रांग मोडून धावत पार्किंगमध्ये गेली.

"अहो, थांबा! आत या ना."

बाईचं नाव डेनिस. ती अलाबामाची, सैन्याच्या तळावर नर्स होती. शेजारच्या गावातल्या इलेक्ट्रिशियनशी लग्न करून इथेच राहिली. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीच्या गावात कोर्टासमोर गुलामगिरीवाल्यांच्या सेनापतीचा पुतळा होता. पुतळ्यापाशी हाच झेंडा. आजीला कोर्टात काम असलं की ती मागच्या गल्लीतून जायची. माझं तुमच्याशी भांडण नाही. पण त्याच्याखाली मी नाचणार नाही."

डेनिसने गाडीचं दार उघडलं आणि सहज विचारलं, "शिवलाय मात्र सुंदर. कुणी शिवला?"

उभ्या जन्मात कुंदाने आपल्या हातचं काम कधी नाकारलं नव्हतं. त्या दिवशी ती "माहीत नाही" म्हणाली. गाडी गेली. कुंदा तिथेच उभी राहिली, आणि तिला आपली अशी लाज वाटली की परत आत जाऊन तिला एकही पाऊल टाकता आलं नाही.

सप्टेंबरात क्लबातल्या तीन तरुणांनी झेंडा उतरवावा असा लेखी ठराव दिला. नियमच तसा, सभेच्या दोन आठवडे आधी, सहीनिशी. गावात दुसरा विषय उरला नाही. बेकरीत, चर्चबाहेर, डॉक्टरकडच्या खुर्च्यांवर, सगळीकडे झेंडा. आठवडाभरात अलोईस कुंदाकडे आला. हातात हेल्गाने केलेला प्लमचा केक. क्लबात सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे अरे-तुरे, म्हणत, पण एकाहत्तर वर्षांच्या अलोईसला कुंदा मनात अहो-जाहोच करायची.

"आल्झो, तर मग कुंदा," तो त्याच ओकच्या टेबलाशी बसत म्हणाला. "तू सभेत उभी राहा आणि एवढंच सांग. हा मी शिवला, प्रेमाने शिवला. बास. तू भारतातली. तुझ्यापुढे ही पोरं काय बोलणार? आम्हाला रेसिस्ट म्हणतील, तुला कसं म्हणतील?"

कुंदाने केक कापला. आपल्याला अस्तरासारखं आतून लावायचा बेत चाललाय हे तिला लख्ख कळलं. पण समोर बसलेल्या माणसाने ज्या टेबलावर कोपर टेकलं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने रंधा मारून घडवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी बोलेन."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अलोईस खूश होऊन गेला.

तो गेल्यावर श्यामकांत म्हणाला, "तू यात पडू नकोस, कुंदा. आपण बाहेरचे. इथं राहायचंय आपल्याला."

"अहो, मी पडलेच आहे. तीन मीटर लांब पडलेय." तिचा आवाज चढला. "त्या बाईने मला तोंडावर विचारलं, कुणी शिवला. मी खोटं बोलले. आता सभेत खरं बोलायचं तर ते झेंडा वाचवायला? तिच्या कानावर पहिल्यांदा माझं नाव जाणार ते असं?"

श्यामकांत उठून कपाटापाशी गेला. जर्मनीने त्याला एक सवय पक्की लावली होती, प्रत्येक कागदाची प्रत फाइलला. त्याने २००९ची फाइल काढली, पानं उलटली, एक कागद टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला निघून गेला. कुंदाने कागद वाचला. मग परत वाचला. मग महिनाभरात पहिल्यांदा ती हसली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी दहाला सभा भरली. अठ्ठावन्न माणसं, पुढ्यात कॉफी. वर भिंतीवर झेंडा. एकजण म्हणाला, आमच्यासाठी हा नुसता संगीताचा आणि मोकळेपणाचा झेंडा आहे. दुसरा म्हणाला, अमेरिकेची भांडणं बव्हेरियात कशाला? त्यावर ठराव मांडणाऱ्या तिघांतली मुलगी ताडकन उठली. "या देशात काही झेंड्यांना बंदी आहे. ज्यांना ते मिरवता येत नाहीत ते त्यांच्या जागी हा मिरवतात. हे आपल्याला माहीत नाही, असं कुणी मला सांगू नका." मागून कुणीतरी ओरडलं, "आम्हाला नाझी म्हणतेस काय?" कप आदळले. अलोईसने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "मतदानाआधी जिने हा शिवला ती बोलेल. आपली कुंदा."

कुंदा उठली.

"हा मी शिवला," ती म्हणाली. "प्रेमाने शिवला. अलोईस, तुम्ही सांगायला सांगितलंत ते दोन्ही खरं आहे." अलोईसने मान डोलावली. "माझ्या वडिलांच्या दुकानात झेंडा कुणाचा हे विचारायची पद्धत नव्हती. मीही विचारलं नाही. माझ्या मुलीने न विचारता सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये एक बाई नाचायला आली होती, बूट घेऊन. हा बघून दारातून परत गेली. तुम्ही पाठमोरे होतात, मी पाहिलं. ती इतकी सभ्य, की जाता जाता माझ्या शिलाईचं कौतुक करून गेली. मला लाज वाटते. माझ्या कामाची मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि मला ती पुन्हा वाटून घ्यायची नाही."

अलोईस लालबुंद झाला. "ठीक आहे. तुझं मत कळलं. आता मतदान."

"माझ्या वस्तूवर कसलं मतदान?" कुंदाने पर्समधून कागद काढला. "हा झेंडा क्लबचा नाही. उसना दिलाय. मी परत घेतेय."

चिटणीस गेर्डाने जाड फाइल उघडली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे. पानं उलटली, बोट थांबलं. "हो," ती म्हणाली. "उसनी वस्तू. खाली सही अलोईसची."

भावनेवर तासभर भांडलेली माणसं त्या कागदापुढे नमली. सहीपुढे त्या गावात कुणाचं काही चालत नसे. अलोईसने चष्मा लावून आपलीच सही दोनदा तपासली.

"नवा लावायचा असेल तर त्यावर मत घ्या," कुंदा म्हणाली. "मी शिवणार नाही."

मत घेतलं गेलं. नव्या झेंड्यासाठी नऊ हात वर झाले. त्यातला एक अलोईसचा होता.

"आणि मी केलेलं टेबल?" तो कडवटपणे म्हणाला.

"ते भेट आहे. त्याचा मी कुठे कागद केला?"

हॉल हसला. अलोईस हसला नाही. पुढे कितीतरी महिने तो तिला परक्यासारखं नुसतं 'फ्राऊ', म्हणजे बाई, म्हणून हाक मारत राहिला, आणि कुंदाला ते प्रत्येक वेळी लागलं. पण त्या सकाळी कोठीतून शिडी आणली ती हेल्गाने. काही न बोलता तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि वर बघत म्हणाली, "चढ. मी धरलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा शेजारच्या गावात गेली. डेनिसने दार उघडलं. कुंदाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"तुम्ही विचारलं होतं, कुणी शिवला. मी खोटं बोलले. मी शिवला होता."

डेनिसने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या काखेतल्या गठ्ठ्याकडे. बराच वेळ दारातून ती बाजूला झाली नाही. कुंदानेही माफी लांबवली नाही. तिने पर्समधून अर्धं ब्लेड काढलं आणि विचारलं, "तुमच्याकडे टेबल आहे का? उसवायचाय."

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. कुंदाने पहिली चांदणी सोडवली. तासाभरात चारच निघाल्या.

"किती वेळ लागतोय," डेनिस म्हणाली.

"लागणारच. एकेक टाका माझ्या हातचा आहे," कुंदा म्हणाली. तिला राहवेना. "आणि किनार सगळी दुहेरी."

डेनिस मोठ्याने हसली. तिने खणातून लहान कात्री काढली, झेंड्याचं दुसरं टोक आपल्याकडे ओढून घेतलं आणि कुठून कापायचं ते विचारलं. कुंदाने दाखवलं. अंधार पडायच्या आत तेरा चांदण्या टेबलावर एकावर एक रचून झाल्या, निळ्या पट्ट्या वेगळ्या झाल्या आणि उरलं ते नुसतं लाल कापड.

कुंदा निघाली तेव्हा डेनिस आत गेली. आतून ती लाल बुटांची कापडी पिशवी घेऊन आली आणि बाहेरच्या दाराशी, किल्ल्या अडकवायच्या खुंटीखालीच ठेवली.

"इथे असलेली बरी," ती म्हणाली. "गुरुवारी विसरायला नको."