केबल, डिश आणि आमची ही

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि ऐकायचं हिच्याकडे, ही वाटणी लग्नापासूनची. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. मी कापायच्या टेबलाशी उभा आणि ही माझ्या पाठीमागे खिडकीपाशी स्टुलावर बसून काज करणार, बटणं लावणार. कापड कापता कापता माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. कोणाचं पोट सुटलं, कोण माप देताना श्वास रोखून धरतो, बँकेतल्या साहेबांना एक बाही नेहमी लांब का वाटते. मागून हिचं "हो का", "मग?", "काहीतरीच तुमचं" येत राहायचं. त्याशिवाय माझी कात्री सरळ चालत नसे.

गेल्या दोनेक वर्षांत ते बंद झालं. मी बोलायचो आणि मागून हूं की चूं नाही. वळून बघावं तर ही मान खाली घालून सुई ओढतेय. भांडण म्हणावं तर तसंही नाही. चहा वेळेवर, माझ्या गोळ्या वेळेवर, शर्टाची बटणं नेहमीसारखी पक्की. मी आपला एकच अर्थ लावला, की हिला माझा कंटाळा आला. इतकी वर्षं एकाच माणसाची बडबड ऐकून कोणाला येणार नाही? पण मनाला फार लागलं होतं. तिला विचारायचा धीर झाला नाही. ती "हो" म्हणाली असती तर उरलेलं आयुष्य मी कोणाशी बोलून काढणार होतो?

अशात हिने टीव्हीचं काढलं. मुलीने गेल्या वर्षी मोठा टीव्ही घेऊन दिला होता, पण त्यात चित्र यायचं जुन्याच केबलचं, पातळ ताकासारखं.

"मला एचडी हवंय," ही म्हणाली. "आणि रेकॉर्डिंगची सोय."

"रेकॉर्डिंग कशाला? मालिका दुपारी परत लागते की."

तिने उत्तर दिलं नाही. हल्ली देतच नव्हती म्हणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यात स्वतःसाठी कधी एक गोष्ट हट्टाने न मागणारी बाई एचडीसाठी अडून बसली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कारण टीव्हीसमोर ही वेगळीच असायची. स्टूल पार पुढे ओढून, हनुवटी पुढे काढून बघायची. त्या बातम्या देणाऱ्या गुळगुळीत पोराला "हो का" म्हणायची. माझ्या वाटणीचं "हो का" त्याला जात होतं आणि वर मी त्याचा चेहरा आणखी स्वच्छ दिसायची सोय करून द्यायची होती.

केबलवाला आमचा जुना. त्याने एचडीचा डबा देतो म्हणून सांगितलं, पण रेकॉर्डिंगचं "बघतो काका, विचारून सांगतो" असं भिजत ठेवलं. चौकातला डिशवाला म्हणाला, "आमच्यात रेकॉर्डिंग आहे. बघता बघता थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा." केबलवाला म्हणाला, वारा सुटला की डिश हलते. डिशवाला म्हणाला, रस्ता खणला की केबल जाते. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. शेवटी मी दोघांना एकाच दुपारी बोलावलं. दोन्ही डबे एकाच टीव्हीला लावा, ही बघेल, ती म्हणेल ते कायम.

दोघे आले. डिशवाल्याने गच्चीवर तात्पुरती छत्री उभी केली, केबलवाल्याने आपला डबा पुसून ठेवला. एवढ्यात मला फोन आला. लग्नाच्या कोटाचं गिऱ्हाईक, नवरदेवाचा बाप, त्यात आवाज चढलेला. मी रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला आणि दारात जाऊन त्याची समजूत काढत बसलो. परत आलो तर ते दोघे टीव्हीच्या मागे वायरींवरून हळू आवाजात हुज्जत घालत होते. आधी केबल लावून झाली होती आणि आता डिश चालू होती. आवाज मी बंद केला तो बंदच राहिला होता.

ही स्टुलावरून मागे वळली. चेहऱ्यावर मी किती दिवसांत न पाहिलेलं समाधान.

"हेच घ्या," ती म्हणाली. "ह्यात बोलणं स्वच्छ कळतं. मघाच्यात शब्द फाटत होते."

मग पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाली, "बघा, उद्यापासून थंडी वाढणार म्हणतेय ती."

केबलवाल्याला हसू आलं. "अहो काकू, आवाज तर..."

मी त्याचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला, पण गप्प बसला. डिशवाला माझ्याकडे बघत राहिला. पडद्यावर हवामान सांगणारी मुलगी तोंड हलवत होती, खोलीत कुठलाच आवाज नव्हता आणि आमची ही तिच्या ओठांकडे बघून मान डोलवत होती.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. बायकोचे कान गेल्याचं कळल्यावर आनंद होणारा नवरा जगात मी एकटाच असेन. पण तिला माझा कंटाळा आला नव्हता. दोन वर्षं मी जो दगड छातीवर घेऊन हिंडत होतो तो एका क्षणात उतरला. आणि मग ती एकटी त्या स्टुलावर काय काय सोसत बसली असेल ते डोळ्यांपुढे आलं.

डिश ठरली. दोघांना चहा पाजून वाटेला लावलं. केबलवाला जाताना पायऱ्यांवर थांबून म्हणाला, "काका, मी कोणाला बोलणार नाही." डबा काढून नेताना त्याचं तोंड उतरलं होतं, ते धंदा गेला म्हणून नव्हतं.

मी टेबल सोडून हिच्या पुढ्यात जाऊन बसलो. अगदी जवळ जाऊन, मोठ्याने विचारलं, "केव्हापासून?"

तिने आधी बटणांचा डबा आवरला. मग म्हणाली, "आधी तुमचं कुजबुजणं जायला लागलं. मग बरंच गेलं."

"मला सांगितलं नाहीस?"

"बहिरी म्हटलं की लोक मोठ्याने बोलतात आणि कमी बोलतात. आईच्या वेळी बघितलंय मी. नंतर सांगतो म्हणायचे आणि नंतर कोणी सांगायचं नाही."

"आणि रेकॉर्डिंग?"

"सुटलेलं मागे नेऊन परत बघता येतं. माणसाला किती वेळा 'काय' म्हणायचं? दोनदा विचारलं की तुम्ही म्हणता, काही नाही, जाऊ दे. तेवढं मात्र मला बरोबर कळतं."

मी म्हणालो, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. उद्याच."

"जाऊ."

"पण त्या बातम्यावाल्याचं कळतं आणि माझं नाही, हे कसं?"

ती हसली. "त्याचं तोंड दिसतं. तुमची आधी पाठ दिसते. आणि वळलात की ही मिशी. वरचा ओठ सगळा तिच्याखाली. कसं कळणार?"

मिशी मी मिसरूड फुटल्यापासून ठेवलेली. तिला कात्री लावायची ती माझा मीच, न्हाव्यालाही हात लावू दिलेला नाही. गिऱ्हाइकं दुकानाचा पत्ता सांगतात तोही तिच्यावरून. मी उठलो, चपला घातल्या आणि समोरच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसलो.

"काढ," मी म्हणालो.

"मास्तर, शुद्धीत आहात ना?" न्हाव्याने वस्तरा बाजूलाच ठेवला.

"काढ म्हणतो ना."

परत आलो तेव्हा ही दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला चौकटीला टेकावं लागलं. ओठांवर वारा लागत होता, उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मनात पुष्कळ जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "बरं दिसतं का?"

"नाही," ती म्हणाली. तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. "अगदी सोललेल्या बटाट्यासारखे दिसता."

मग तिने माझं कोपर धरून मला आत आणलं, खिडकीच्या उजेडात बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं. अर्धा शर्ट मांडीवर होता, पण सुई तिने उशीत टोचून ठेवली.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. दोन वर्षांचं राहिलंय."