चौदा नंबरची नळी

"चौदा नंबर कुठाय, मिस्त्री?" मास्तरने दारातूनच विचारलं. "बारा वाजता चौकशीची माणसं येतायत. सगळी मॉडेलं टेबलावर मांडून पाहिजेत त्यांना."

"वर्गातच आहे. मागच्या फळीवर," मिस्त्री म्हणाले आणि हातातला रंधा खाली ठेवून स्टुलावर बसले. परवा बायको म्हणाली, "अहो, घास घशाखाली उतरत नाही तुमच्या, डॉक्टरांना दाखवू या का?" तिला काय सांगणार? डॉक्टरच्या हातातलं नव्हतंच ते.

मिस्त्री सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात एकतीस वर्षं सुतार होते. इतर सुतार दारं-खिडक्या करतात. हे गृहस्थ तोफा आणि रणगाडे करायचे. वीसपट लहान, सागवानी, चाकं मोजून घ्या, साखळीचे पट्टे मोजून घ्या. नव्याने भरती झालेल्या पोरांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघायची, म्हणजे पुढे दुरून नुसता आकार दिसला तरी गाडी आपली की शत्रूची हे सांगता यावं. आजवर कुणा साहेबाने मिस्त्रींच्या कामात खोट काढली नव्हती आणि याचा त्यांना, खोटं कशाला बोला, चांगलाच तोरा होता. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

आणि चार दिवसांपूर्वी सीमेवर, पहाटेच्या धुक्यात, आपल्याच तुकडीने आपलीच एक तोफगाडी शत्रूची समजून उडवली. आत तिघं होते. तिघंही गेले. गोळा डागणारा पोरगा सहा महिन्यांपूर्वी याच वर्गातून शिकून बाहेर पडला होता.

"मास्तर, दार लावा," मिस्त्री म्हणाले. "एक सांगायचंय."

मास्तर तरुण होता. इथे येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने दार लावलं.

"आपली ती उडालेली तोफगाडी, इथली नऊ नंबर, तिची तोफ किती?"

"एकशे पंचावन्न मिलिमीटर. म्हणजे नळीचं तोंड आतून तेवढं रुंद."

"आणि चौदा नंबरची? शत्रूची?"

"तीही एकशे पंचावन्न. अहो, हे तुम्ही मला विचारताय?"

"मग ओळखायच्या कशा?"

"लांबीवरून. आपली नळी एकोणचाळीस कॅलिबर, त्यांची बावन्न. म्हणजे तोंडाच्या रुंदीच्या एकोणचाळीस पट लांब आपली, बावन्न पट लांब त्यांची. चाकं दोघींना सात-सातच. लांब नाकाची ती त्यांची."

"मॉडेलात आपली तीस सेंटिमीटर यायला हवी, त्यांची चाळीस." मिस्त्रींनी मांडीवरचा भुसा झटकला. "चौदा नंबरची एकतीस आहे."

चौदा महिन्यांपूर्वी धूळ पुसताना चौदा नंबर त्यांच्या हातून निसटलं आणि नळीचं टोक चार बोटं तुटलं. चांगला सागवानी दांडा त्या दिवशी शिल्लक नव्हता. सुताराचा हात, त्याला तुटलेलं दिसलं की आधी तासून सारखं करायची खोड. मिस्त्रींनी तुटकं टोक तासलं, नवं भोक पाडलं, तोंडावरचं जाड टोपण पुन्हा बसवलं, रंग दिला. इतकं बेमालूम काम की त्यांनाच कौतुक वाटलं. दांडा आला की बदलू म्हणाले आणि विसरले.

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. "मी वर्षभर तेच फिरवतोय पोरांच्या हातात," तो हळूच म्हणाला. "आपल्या गाड्या पहिल्या आठवड्यात शिकवतो, त्यांच्या दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितल्याच नाहीत. बावन्नचा आकडा मात्र न चुकता फळ्यावर लिहायचो."

"आकडा वहीत राहतो, मास्तर. पोरांच्या डोळ्यांत लाकूड राहतं."

"ते राहू द्या हो. दांडा आहे का आता?"

"आहे."

"मग बदला. अजून अडीच तास आहेत. कोणाला कळतंय?" मास्तरने मिस्त्रींचे दोन्ही हात धरले. "माझी दोन लहान पोरं आहेत, मिस्त्री. तुमची अख्खी नोकरी झालीय. त्या तिघांपैकी कुणी परत येणार आहे का?"

मिस्त्रींनी लेथ सुरू केलं. लाकडाला हत्यार लागलं तसे हात आपोआप चालायला लागले. एकतीस वर्षांच्या सवयीला लाज नसते. चाळीस सेंटिमीटर, वर तीन मिलिमीटर. जुनी नळी मास्तरने गुडघ्यावर मोडली आणि भुशाच्या पोत्यात खोल कोंबली. साडेअकराला चौदा नंबर टेबलावर नऊ नंबरच्या शेजारी होतं, आणि आता आंधळ्यालाही फरक कळला असता.

चौकशीला तिघे आले. बोलत होत्या त्या एकट्या बाई, मोठ्या हुद्द्याच्या, पण आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी पट्टी काढून स्वतः दोन्ही नळ्या मोजल्या. "तीस. चाळीस. काम सुरेख आहे. कुणी केलं?"

"मी, मॅडम," मिस्त्री म्हणाले. कौतुक आयुष्यात पहिल्यांदा नकोसं वाटलं.

बाईंनी जवळच्या सहकाऱ्याकडून एक कागद मागून घेतला. "त्या मुलाचा जबाब आहे. म्हणतो, 'वर्गात चौदा नंबरचं मॉडेल मी हातात घेऊन बघितलं होतं. समोरची गाडी हुबेहूब तशीच होती. नळी तेवढीच होती.' तीनदा विचारलं, तीनदा हेच बोलला." त्यांनी कागद दुमडला. "हा एवढा फरक समोर असताना. वाईट वाटतं. चूक होते एखाद्याची, पण वर खोटं बोलायचं म्हणजे... लिहा, जबाब विश्वासार्ह नाही."

सहकारी लिहायला लागला. मास्तर जमिनीकडे बघत होता.

मिस्त्रींना त्या पोराचं तोंड आठवेना. वर्षाला शेकड्याने पोरं येतात, कोण लक्षात ठेवतो. पण तो आता कुठल्याशा खोलीत बसलेला असेल, आणि त्याने जे पाहिलं ते नीट पाहिलं होतं. नीट शिकला होता बिचारा. या सगळ्यात खरं बोलणारा तेवढा एकच होता, आणि खोटा तोच ठरत होता.

"मॅडम, ते लिहू नका."

बाईंनी वर पाहिलं. मास्तरनेही.

"ही नळी मी आज सकाळी बसवली. आधीची नऊ नंबरएवढी होती. माझ्या हातून तुटली होती, मीच तासली होती. मास्तर नवीन आहेत, त्यांना आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. पोरगा खरं सांगतोय."

मग बाईंनी सहकाऱ्याच्या हातातून पेन घेतलं, लिहिलेली ओळ खोडली आणि नवा कोरा कागद पुढे ओढला.

"बसा," त्या म्हणाल्या. "कधी तुटली, तिथून सांगा."

मिस्त्री बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून, उभ्यानेच, त्यांनी तारखेपासून सुरुवात केली. बाईंना लिहून घेता यावं म्हणून ते सावकाश बोलत होते.