टोंगाच्या तिकिटांना गंध

गुंडूरावांना एका गोष्टीची भारी घमेंड होती. तिकिटावरचा टपालाचा शिक्का खरा की बनावट, हे ते भिंगातून एकदा बघून सांगत. एकदाच हं! पुन्हा बघा म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. मल्लेश्वरमच्या तिकीट मंडळात लोक आपापले अल्बम घेऊन त्यांच्यापुढे उभे राहत आणि गुंडूराव नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे बारीक करून निकाल देत. "हा खरा. हा खोटा. हा तर कुणीतरी घरी बसून मारलाय, फेकून द्या." दिवसभर विमा कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कोण देणार? म्हणून हा मान ते जिवापाड जपत.

त्यांचा विशेष जीव होता तो समुद्रातल्या चिमुकल्या बेटांच्या देशांवर. अशा देशात मुळात पत्रं लिहिणारेच कमी. त्यामुळे तिथलं कोरं तिकीट सहज मिळतं, पण खरोखर टपालातून फिरून आलेलं मिळता मिळत नाही. मग लबाड लोक कोऱ्या तिकिटावर घरचाच शिक्का ठोकतात आणि शौकिनांच्या गळ्यात मारतात.

एकसष्ट सालची गोष्ट. दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाचं प्रदर्शन होतं आणि दारातून शिरल्या शिरल्या, पहिल्याच फळ्यावर गुंडूरावांचं टोंगाचं पान लागणार होतं. टोंगा म्हणजे पार तिकडे प्रशांत महासागरात, राणीचं राज्य असलेला इवलासा देश. मद्रासच्या एका माणसाशी अदलाबदल करून त्यांनी ती तिकिटं मिळवली होती. प्रत्येकावर काळाभोर, गोल गरगरीत, अगदी मधोमध बसलेला शिक्का. गुंडूराव तर बघूनच विरघळले होते. त्याच पानाच्या कोपऱ्यात एक जुनाट तिकीट होतं, कचेरीजवळच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं पाकिटासकट कापून दिलेलं. त्यावरचा शिक्का तिरका, फिकट, निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटाच्या कागदावर गेलेला. जागा रिकामी दिसू नये म्हणून ते तिथे होतं, इतकंच.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. त्या दिवशी गुंडूरावांच्या चामराजपेटेत ज्याचं जे हत्यार त्याला हळदकुंकू लागतं. कोपऱ्यावरच्या छापखान्याचं यंत्रसुद्धा झेंडूच्या माळा घालून बसतं आणि रस्त्यात जागोजागी कोहळे फुटलेले असतात. गुंडूराव कचेरीतल्या पूजेला गेले होते. घरी अंबूबाईंनी विळी पुजली, शिवणाचं मशीन पुजलं, यजमानांची सायकल पुजली. मग त्यांच्या मनात आलं, यांचं खरं हत्यार तर राहिलंच की! आणि रविवारी प्रदर्शन!

त्यांनी भिंग पुजलं. अल्बम देवापुढे उघडला, तो नेमका टोंगाच्या पानावर. एकाला गंध लावायचं आणि बाकीच्यांनी काय पाप केलंय? म्हणून त्या माउलीनं करंगळीशेजारच्या बोटानं प्रत्येक तिकिटावर ओलं गंध टेकवलं, वर कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं आणि मनापासून हात जोडले.

दुपारी गुंडूराव प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन आले. देवापुढे बघतात तो काय! पुडा हातातून सुटला आणि चुरमुरे घरभर झाले.

"अगं, अक्कल गहाण ठेवली होतीस काय? सात समुद्रांपलीकडची तिकिटं ती! तिथे काय हळदीकुंकू मांडलंस? माझं नाव घालवलंस, नाव!"

हा आवाज कोपऱ्यावरच्या छापखान्यापर्यंत गेला. शेजारच्या भागीरथीबाई धावत आल्या. "काय झालं अक्का?" अंबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या हातून यांचं वाटोळं झालं हो," एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या.

गुंडूराव अल्बम घेऊन माडीवर गेले. टिपकागदानं अलगद गंध टिपू लागले, आणि टिपता टिपता त्यांचा हात थांबला. काळाभोर शिक्का जांभळा होऊन पसरला होता. दुसराही. तिसराही. असा जांभळा ओघळ त्यांनी कचेरीत कितीदा तरी पाहिला होता. रबरी शिक्का मारलेल्या कागदावर हेडक्लार्कचा चहा सांडला की अस्साच व्हायचा! टपालाची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. कोपऱ्यातल्या त्या तिरक्या शिक्क्यालाही भरपूर गंध लागलं होतं. तो जिथल्या तिथे होता.

आता मात्र त्यांनी भिंग काढलं. सगळ्या शिक्क्यांवर एकच तारीख. एक तिकीट तर त्या तारखेला छापलंही गेलं नव्हतं. जन्माआधीच बारसं! टपालातला माणूस घाईत असतो, त्याचा शिक्का जमेल तिथे पडतो. इतके सगळे शिक्के मधोमध कसे पडतील? शेंबड्या पोरालाही कळावं असं हे, आणि आपण फक्त देखणेपणाला भुललो.

"अय्यो," म्हणत गुंडूरावांनी भिंग खाली ठेवलं.

आणि मग हळूच त्यांच्या मनात आलं, की हे कुणाला कळलंय कुठे? बायकोनं पान नासवलं, एवढंच जगाला ठाऊक. नाव शाबूत. उलट लोक हळहळतील.

संध्याकाळी ते स्वैपाकघराच्या दारात आले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "सरी, असू दे, झालं ते झालं. मी तुला माफ केलंय." बघा, काय माणूस आहे!

रविवारी अंबूबाई हट्टानं बरोबर निघाल्या. ते पान त्यांनी फडक्यात गुंडाळून घेतलं होतं. सभागृहात मंडळाचे चिटणीस विद्याधर पुढे आले. "गुंडूराव, पहिला फळा रिकामा आहे. पान कुठंय?"

गुंडूराव घसा खाकरतात तोवर अंबूबाईच पुढे झाल्या. एवढ्या पुरुषांपुढे त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. "चूक माझी आहे. मी तिकिटांना गंध लावलं. यांना कुणी काही बोलू नका."

"अरेरे!" विद्याधर म्हणाले. "असली तिकिटं पुन्हा नाही मिळायची हो." चारचौघं गुंडूरावांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. हवी होती तीच हळहळ, पण ती त्यांच्या घशाखाली उतरेना. ते बायकोला बाजूला घेऊन पुटपुटले, "अगं, ती खोटी होती. शिक्के बनावट. मीच फसलो."

अंबूबाईंनी विचारलं, "कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मला माफ करायच्या आधी, का नंतर?"

गुंडूरावांनी मान खाली घातली. "आधी."

"ओरडलात ते छापखान्यापर्यंत ऐकू गेलं होतं," अंबूबाई म्हणाल्या. "आता एवढं हळू का बोलता?"

गुंडूरावांनी त्यांच्या हातातलं फडकं सोडलं, पान पहिल्या फळ्यावर टाचलं आणि कचेरीत कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "मंडळी, इकडे या! हे सगळे शिक्के खोटे आहेत. मी, गुंडूराव, यांना भुललो. ते खोटे आहेत हे माझ्या भिंगानं नाही, माझ्या बायकोच्या गंधानं दाखवलं. मी मात्र तिलाच बोल लावला आणि वर तिलाच माफ केलं!"

मागची मंडळीही फळ्यापाशी आली. मग कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. दिवसभर सगळ्यात मोठी गर्दी त्याच फळ्यापुढे होती. कोपऱ्यातल्या तिरक्या शिक्क्याकडे तर लोक रांग लावून बघत होते. निघताना विद्याधर आपला अल्बम काखेत मारून हळूच अंबूबाईंपाशी आले. "अक्का, आमच्या सामोआच्या पानाला स्वल्प गंध लावाल का?"

बसमध्ये गुंडूराव हलक्या मनानं शीळ घालत होते. चामराजपेट आली तशा अंबूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मल्लेश्वरमला झालं. इथे अजून व्हायचंय. भागीरथीबाई दारातच असतील."

भागीरथीबाई दारातच होत्या. गुंडूराव गल्लीच्या मधोमध उभे राहिले, छापखान्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.