दिवस बुडायच्या आत

"रिपोर्ट न्यायला याल तेव्हा घरचं कुणीतरी सोबत आणा," असं विश्रामबागेतली डॉक्टरीण म्हणाली, आणि मनुबाई ते वाक्य एसटी आष्ट्याला पोचेपर्यंत मनात घोळवत राहिली.

छाती मशिनीत दाबून फोटो काढले, मग सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तेव्हा बाईने हूं की चूं केलं नव्हतं. उलट सुई धरणाऱ्या पोरीलाच म्हणाली होती, "दमानं गं. लेकरं वाढल्यात ह्याच्यावर, वांगं न्हवं त्ये." पण 'सोबत आणा' हे तिला सुईपेक्षा खोल टोचलं. बातमी चांगली असती तर सोबत कशाला लागती? सोबत लागते वरातीला नाहीतर मयताला, आणि वरातीचं तिचं वय सरलं होतं.

आणायचं तरी कुणाला? नवरा जोतीराम, फौजेतला सुभेदार, कधीच गेला. लेक मानसिंग साताऱ्याला कारखान्यात. त्याला नुसता फोन केला असता तरी बायकोला घेऊन पळत आला असता, आणि नेमकं तेच मनुबाईला नको होतं. नवरा सीमेवर असताना जिनं एकटीनं ऊस लावला, भावकीतल्या एकाला बांधावर पाय ठेवू दिला नाही, ती आता सुनेपुढं पदर बाजूला करून 'बघ गं बाई' म्हणणार? छट्.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं चूल पेटवली, मुगाची आमटी टाकली. लसणाचा गड्डा हातात घेतला आणि तसाच परत टोपलीत ठेवला. का ठेवला ते तिचं तिलाच कळलं नाही. दिवस बुडायच्या आत जेवण उरकून, भांडी घासून ती उंबऱ्यावर येऊन बसली, तेव्हा कुठं ध्यानात आलं, आणि इतक्या वर्षांपूर्वीची ती पाच महिन्यांची गोष्ट डोळ्यांपुढं उभी राहिली.

शेजारच्या जैनाच्या घरातली, तवनाप्पाची बायको त्रिशला आणि मनुबाई एकाच पावसाळ्यात बाळंत झाल्या. मनुबाईला मानसिंग, त्रिशलाला अरिहंत. पण त्रिशलाला बाळंतपणातच टायफॉईड झाला, ती मिरजेच्या दवाखान्यात, दूध आटलेलं, आणि इकडं पोर वरच्या दुधाला तोंड लावेना. रडून रडून निळं पडायला लागलं. मनुबाईला तर दूध असं की चोळी कायम ओली. शेवटी त्रिशलाची सासू, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, पोराला पदराखाली घेऊन दारात उभी राहिली. पण आत येईना.

"काय अव्वा? पाजायचंय न्हवं?"

"पाजायचंय की. पर मनू, तुमच्यात मटण शिजतंय."

"मग? मी खाल्लेलं बोकड दुधातनं बें करतंय व्हय?"

अव्वा हसली नाही. तिच्या डोळ्यात पाणी होतं. नातू हवा होता आणि धर्मही हवा होता, आणि दोन्हीच्या मधे म्हातारी अडकली होती. मनुबाईनं पोर तिच्या हातातनं ओढूनच घेतलं, पदराखाली लावलं, आणि वर न बघता म्हणाली, "आजपासनं मटण बंद. कांदा-लसूण बंद. आन् काय काय ते सांगा."

"दिवस बुडाल्यावर खायाचं न्हाई."

"आवं, बाळंतीण हाय मी!"

मग अव्वाच रोज उन्हं कलायच्या आत तिच्यासाठी ताट घेऊन यायची. भाकरी, तुपाची वाटी, बिनकांद्याची आमटी, डिंकाचा लाडू. मनुबाई जेवायची, अव्वा समोर बसून बघायची, आणि दोन पोरं दोन बाजूंना. एक ओढणारं, एक चाटून झोपणारं. ओढणारा अरिहंत. त्या पाच महिन्यांत मनुबाईला वाटायचं, आपण बाई नव्हे, गावाची विहीर आहोत.

त्यातच जोतीराम रजेवर आला. आल्या दिवशी कोंबडा कापला. मनुबाईनं नाक धरून रांधला आणि वाढला, पण स्वतः शिवली नाही. एकटा जेवताना तो वैतागून म्हणाला, "मी तिकडं बर्फात डबा खातोय आन् हिनं घरात बस्ती बांधली, जैनांचं देऊळच!" पण रात्री पाळण्यातल्या दोन्ही पोरांकडं बघून म्हणाला, "ह्यातला आपला कुठला गं?" तिनं सांगितलं नाही. सकाळपर्यंत वळखा म्हणाली.

आठवून मनुबाई उंबऱ्यावर एकटीच हसली. हसता हसता हात छातीकडं गेला, तिथं चिकटपट्टी होती.

दुसऱ्या दिवशीही ती उन्हात जेवली. तिसऱ्याही. नवस म्हणावं तर नवस नव्हता, पण त्या दुधासाठी एकदा पाळलेलं आता त्या जागेसाठी पाळावं, असं काहीतरी मनानं घेतलं होतं. बोलायची मात्र चोरी.

रविवार आला. दर रविवारी मनुबाईकडं मटण, आणि त्याचा वास भिंतीपलीकडं गेला की त्रिशलानं खिडकी धाडकन लावायची, हा शिरस्ता. त्या रविवारी खिडकी उघडीच राहिली. संध्याकाळी त्रिशला गुडघे धरत दारात आली, तेव्हा मनुबाई ताटावर बसली होती.

"वास न्हाई आला. म्हटलं मेली का काय बघावं."

"जित्ती हाय. जा."

त्रिशला गेली नाही. ताटात वाकून बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मने, कुठं दुखतंय?"

"कुठं न्हाई."

"आमचं पाळायला लागलीयास. उगा न्हाई लागायचीस तू. तुझा जोतिबा देव सुट्टीवर गेलाय, म्हणून आमच्या देवाकडं वशिला लावतीस?"

मनुबाईनं घास खाली ठेवला. तिनं नुसता हात उचलून छातीवर ठेवला.

त्रिशला भिंतीला धरून तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "अरिहंतला फोन करती."

"खबरदार! त्यो आन् मान्या एकाच कारखान्यात. रातच्याला माझ्या दारात दोघं रडत हुबं ऱ्हातील. शपथ हाय तुला. उद्या रिपोर्ट आणायचाय, सोबत लागतीया म्हणं."

"मग उद्या मी येती."

"तुझं गुडघं? एसटीची पायरी चढशील?"

"तू ढकल की मागनं."

खरोखरच ढकलावं लागलं. कंडक्टर हसला तशी मनुबाई त्याच्यावर वसकली.

डॉक्टरणीनं दोघींना बसवलं. गाठ चांगली नाही, म्हणाली. पण लहान आहे, वेळेत आलात. ऑपरेशन करायचं. बहुतेक नुसती गाठच काढावी लागेल, सगळी छाती नाही. काखेतलं तपासून पुढचे उपचार ठरवू.

मनुबाई ऐकत होती. शेवटी विचारलं, "म्हणूनच सोबत आणा म्हणालासा?"

"नाही हो आजी. ते मी सगळ्यांना सांगते. एकट्या माणसाच्या डोक्यात निम्मंच राहतं."

म्हणजे आठवडाभर ती ज्या 'सोबत आणा'ला भ्याली त्यात काहीच नव्हतं, आणि गाठ मात्र खरीच वाईट निघाली. बाहेर बाकावर बसल्यावर त्रिशला डोळ्यांना पदर लावून हुंदके द्यायला लागली. मनुबाई शेजारी ताठ बसली होती. मग तिनं पिशवीतला मोबाईल काढला.

"मान्या, ऐक. मधी बोलू नगंस. माझ्या छातीत गाठ हाय, वंगाळ हाय, काढायची हाय... व्हय, आजच कळलं... न्हाई सांगितलं, मग? आता सांगतीया न्हवं?... ए. रडतुयास व्हय रं? मशिनीपशी हाईस न्हवं? बाजूला हो आधी. अरिहंत हाय का तिथं? दे त्याच्याकडं."

पलीकडं आवाज बदलला.

"अरिहंत, तुझी आई माझ्याजवळ हाय, ती बरी हाय, नुसती रडतीया. तू मान्याला घिऊन ये. गाडी तू चालव, त्याला हात लावू देऊ नगंस. सूनबाईला बी आणा, कपडे घिऊन. ऱ्हावं लागंल तिला."

"कधी निघू, मावशी?"

आयुष्यात कुणाला न म्हटलेलं वाक्य मनुबाईनं म्हणून टाकलं.

"आत्ताच निघा बाबांनो. मला एकटीला भ्या वाटतंय."

फोन ठेवला. त्रिशलानं नाक पुसून तिच्याकडं रागानं पाहिलं.

"एकटी म्हणं. मग मी काय गठुडं हाय व्हय इथं ठेवल्यालं?"

"गठुडंच. चढवायला लय जड गेलं मला," मनुबाई म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून ती तिथंच, दवाखान्याच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या देखत रडायला लागली.