निळ्या ठिपक्यांचे अळू

लंकाबाईने अळूचे पान कोवळ्या उजेडाकडे धरले. हिरव्या मखमलीवर बारीक निळे ठिपके उमटले होते, जणू कोणी पानाला गोंदून ठेवले होते. तिने दुसरे पान पाहिले, मग तिसरे. पुढे माठ, अंबाडी, दोडक्याचा वेल. सगळीकडे तोच निळा रंग.

“हे कवा झालं?”

तिचा मुलगा यादव पंपाची नळी गुंडाळत होता. “काल सांजच्याला. ढग दाटलं व्हतं, औषध मारलं नसतं तर बाग गेली असती. वारं फिरलं, त्याला मी काय करू?”

“नुस्ता मोरचूद ना?”

“मोरचूद, चुना.” तो नळीकडे पाहत म्हणाला, “आन् थोडं किडीचं.”

ती ऋषिपंचमीची सकाळ होती. या दिवशी व्रत करणाऱ्या बाया बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. नांगर न लागलेल्या मातीत, माणसाच्या हाताने पिकलेलीच भाजी शिजवतात. दिंडोरीजवळच्या त्या वस्तीवर, घरामागचा एवढासा तुकडा लंकाबाईने कधी नांगराला दाखवला नव्हता. ती तो कुदळीने खणत असे, शेणखत आणि चुलीतली राख घालत असे, आणि पंचमीच्या सकाळी भरली पाटी घेऊन एसटीने नाशिकला, पंचवटीतल्या एका गल्लीत जात असे.

आता द्राक्षाची बाग तिन्ही बाजूंनी त्या तुकड्याला येऊन भिडली होती. यादवला तोही हवा होता. पण मायलेकांत एक बोली झाली होती: नाशिकच्या बाया भाजी घेतात तोवर तुकडा आईचा, ज्या साली त्या नको म्हणतील, त्या साली तिथे द्राक्षाचे वेल. बोली हसत झाली होती, तरी दोघांनीही ती मनात घट्ट धरली होती.

“धुऊन टाक की,” यादव म्हणाला. “विहिरीवर दोन पानी मार. कुनाला कळतंय? आन् बैल तर नाय ना लागला. देवाला बैलाचं वावडं हाय, पंपाचं नाय.”

“मोठा आला देवाचा वकील.”

तिने भाजी कापली, पण धुतली नाही. ठिपके दिसतील अशी पाने वर ठेवून तिने पाटी भरली.

एसटीच्या खिडकीतून बागांच्या तारा मागे सरत होत्या. याच रस्त्याकडेला एके काळी बाजरी निसवायची आणि भुईमुगाच्या ओल्या मुळांचा वास गाडीत शिरून बसायचा. तेव्हा सहादू, तिचा नवरा, तिला थांब्यावर सोडायला यायचा. पाटी तिच्या डोक्यावर चढवताना म्हणायचा, “आज माझ्या बैलांची सुट्टी. तुझ्या हातांची कवा?” सहादू गेला. त्यामागून बैलही विकले गेले. ज्यांच्या श्रमांची आठवण म्हणून एक दिवस वेगळा जेवायचा, ते दावणीलाच उरले नव्हते. पंचमी मात्र मालक गेलेल्या घरातल्या दिव्यासारखी वर्षानुवर्षे लागत राहिली होती.

गल्लीत पाटी उतरवायच्या आधीच पायरीवरून चिमणाबाईंचा आवाज आला. या गल्लीतल्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक त्याच.

“आली गं बायांनो, ऋषीवाली आली. आज उशीर केलास. आम्हाला उपाशी मारतेस की काय?”

बाया जमल्या. लंकाबाईने वरचे पान उचलून दाखवले. “बागेचं औषध उडालंय. किडीचं बी हाय त्यात.”

बायांनी ते पान हातोहात फिरवून पाहिले. मग चिमणाबाईंची सून म्हणाली, “मिठाच्या पाण्यात घालू थोडा वेळ. द्राक्षं नाही का खात आपण?”

“बैल नाही ना लागला? मग झालं,” चिमणाबाई म्हणाल्या. “माझी जाऊ तर सरळ बाजारातून आणते. म्हणते, सगळं ट्रॅक्टरवर पिकतं आता, ट्रॅक्टरला कुठं शिंगं असतात?”

सगळ्या हसल्या. चार हात पाटीत शिरले.

वाटभर लंकाबाईने त्यांच्या नकाराची तयारी केली होती. होकाराची केली नव्हती. हे हात पाने उचलतील, संध्याकाळी ती रिकामी पाटी घेऊन परतेल आणि तुकडा तिचाच राहील. इतके सोपे होते ते. तिने पाटी स्वतःकडे ओढली.

“नाय द्यायची.”

“अगं, मग आणलीस कशाला?”

“तुमी वाट बघत बसला असता. सांगाया आले.”

“तोरा बघा हिचा,” चिमणाबाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक द्या म्हणतंय आणि विकणारी नाही म्हणतेय.”

गल्लीच्या टोकाला मंगलाबाई राहत. इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या; पंचमीचे जेवण लंकाबाई दर वर्षी त्यांच्याकडेच जेवे. त्यांनी दारातूनच हात पुढे केला. “मला दे. माझा जन्म औषधांतच गेलाय.”

“ताई, तुमाला तर नायच.”

मंगलाबाईंनी आग्रह केला नाही. पेठकडच्या डोंगरउतारावर कुदळीने पिकवलेली वरी त्यांच्याकडे होती. त्यांनी तिचा भात केला, म्हशीचे दही काढले, आणि दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. भाजीविना ताट फार मोठे दिसत होते.

“आता तुझा तुकडा?” मंगलाबाईंनी विचारले. बोली त्यांना ठाऊक होती.

“जाईल.”

“त्या घेत होत्या की. घेऊ द्यायचं होतंस.”

“घेत व्हत्या, म्हनूनच तर.”

मंगलाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पळी भात वाढला.

पाटी गल्लीत उलटी करता येत नव्हती. गाई फिरत होत्या. घाटावरही टाकता येत नव्हती. लंकाबाई ती भरलीच घेऊन परत एसटीत चढली. “आज धंदा बसला वाटतं मावशी,” कंडक्टर म्हणाला. तिने मान हलवली.

घरी आल्यावर तिने तुकड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणला, भाजी त्यात लोटली आणि माती पायाने दाबली. यादव बांधावर येऊन उभा राहिला.

“नको म्हनल्या?”

“त्या घेत व्हत्या. म्या नाय दिली.”

“मग बोलीपरमानं तुकडा तुझाच राहतो, आई.”

“फुडल्या साली वारं इचारून फिरनार हाय का?”

यादव बांधावरून खाली उतरला.

“सुतळी आन,” ती म्हणाली. “उजेड हाय तवर येलांच्या वळी आखून घेऊ.”

त्याने बागेकडच्या कडेला खुंटी ठोकली. लंकाबाई सुतळीचे टोक घेऊन अंबाडीतून वाट काढत पलीकडच्या बांधापर्यंत गेली, खाली बसली आणि तिने ती ताणून धरली. अळूच्या देठांवरून सुतळी थरथरली, मग स्थिर झाली.

“सरळ आली का रं?”

“जरा डावीकडं.”

तिने हात डावीकडे सरकवला.