साठच्या वेगातलं वळण

मासिकाच्या कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते गाड्यांना मार्क देत. पंचवीस वर्षं हाच धंदा. कंपनीनं गाडी पाठवायची, मास्तरांनी ती दोन दिवस पळवायची आणि घ्यावी की न घ्यावी ते दहापैकी मार्कांत सांगून मोकळं व्हायचं. नापास करायला मागेपुढे पाहायचे नाहीत. एकदा एका गाडीला तीन दिले, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन तासभर रडगाणं गाऊन गेला, तरी तिनाचे साडेतीन झाले नाहीत. म्हणूनच लोक त्यांचा शब्द प्रमाण मानत. आणि सगळेच शब्द प्रमाण मानायला लागले की माणसाला आपल्या शब्दाची भीती वाटेनाशी होते. मास्तरांचंही तेच झालं होतं.

गेल्या वर्षी त्यांनी एका कूपेला आठ दिले. दोन दारांची, बसक्या छपराची गाडी. दिसायला शर्यतीतली, किमतीनं साध्या नोकरदार पोराच्या आवाक्यातली. त्या लेखातलं एक वाक्य पोरं एकमेकांना ऐकवत: ‘भर पावसात साठच्या वेगानं वळणात घाला, ही गाडी तुम्हाला दगा देणार नाही.’

ते वाक्य कात्रीनं कापून, पाकिटात घालून, एका सोमवारी सकाळी जोडे शिवणारे एक काका कचेरीत आले. साठीचे असतील. बोटांना चामड्याचा वास, नखं काळी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. थोरल्या मुलानं हा लेख वाचून ही गाडी घेतली. सात महिन्यांपूर्वी पावसात धाकट्या बहिणीला कॉलेजातून घरी आणताना तलावाकाठच्या वळणावर गाडी घसरली आणि झाडावर आदळली. धाकटी जागच्या जागी गेली. मुलगा वाचला. मुलगा म्हणतो, वेग साठ होता. पोलिसांच्या कागदावर, मोडलेली गाडी बघून अंदाजानं, लिहिलंय, शंभरच्या आसपास. आईचा मुलावर विश्वास आहे. काकांचा नाही. लेकीला पोचवून आले त्या दिवशी त्यांनी चार माणसांत मुलाला ‘बहिणीला खाल्लंस’ असं म्हटलं, आणि तेव्हापासून एका छपराखाली राहून बापलेकांत एक शब्द नाही.

“तुम्ही साठ लिहिलंय,” काका म्हणाले. “पोरगंही साठच म्हणतं. मग गाडी गेली कशी? एक तर तुम्ही खोटे, नाहीतर तो. मला भांडायचं नाही, साहेब. कोण खोटं तेवढं कळू दे.”

मग त्यांनी पिशवीतून तपकिरी कागदाची गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. ते वळण होतं. चार दिवस पहाटे, रहदारी नसताना, फीत लावून त्यांनी ते मोजलं होतं आणि एका मीटरला एक सेंटीमीटर धरून, बुटाचा नमुना कापावा तसं कापून आणलं होतं. आतली कड, बाहेरची कड, आणि झाडाच्या जागी पेन्सिलीची फुली. मास्तरांनी जन्मभर वळणंच घेतली, पण असं वळण कधी पाहिलं नव्हतं. याच मापात ती गाडी साठनं घालून दाखवा, एवढंच काकांचं मागणं होतं, आणि नाही म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना.

खरं तर नाही म्हणायला कारण होतं, आणि ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. परीक्षेसाठी कंपनीनं पाठवलेली गाडी वरच्या किमतीची होती, रुंद आणि मऊ टायरांची. पोरं विकत घेतात ती स्वस्तातली अरुंद, कडक टायरांवर येते. मास्तरांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. लेखात दोन ओळी लिहिल्याही होत्या. पण पानावर फोटो मोठा लावायचं ठरलं, दोन ओळी जास्त झाल्या, आणि कापायच्या त्या त्यांनी स्वतःच्या हातानं कापल्या. अख्ख्या लेखात रटाळ तेवढ्याच होत्या.

गुरुवारी त्यांनी ओळखीच्या शोरूममधून सगळ्यांत स्वस्त प्रकारातली कूपे चाचणीसाठी मागून घेतली आणि काकांना घेऊन गावाबाहेर गेले. तिथे विमानं उतरायची बंद झालेली एक जुनी धावपट्टी मासिकानं गाड्या तपासायला भाड्यानं घेतलेली होती. काकांनी कागद जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि एकेक माप ओरडून सांगितलं. मास्तरांनी फीत धरून नारिंगी शंकू मांडले. झाडाच्या जागी शंकू ठेवायची पाळी आली तेव्हा तो काकांनी स्वतः नेऊन ठेवला. टँकरवाल्यानं सगळं वळण भिजवलं. काकांनी बाहेर उभं राहून बघावं, असं मास्तरांनी दोनदा सांगून पाहिलं. काका ऐकेनात. माझी पोर बसली होती तिथे मी बसणार, म्हणाले, आणि पट्टा लावून बसले.

काटा साठवर आला. काकांची नजर काट्यावर होती, रस्त्यावर नव्हती. वळणात शिरताच गाडीची मागची बाजू बुडाखालून सरकली, आणि मास्तरांच्या मनात काही यायच्या आत त्यांच्या हातांनी स्टिअरिंग उलट दिशेला दिलं, पायानं वेग जरासा सोडला, परत धरला. गाडी एकदा हिसकली आणि सरळ बाहेर पडली. एकही शंकू पडला नाही.

“साठच होते ना?” काकांनी विचारलं.

साठच, असं मास्तर म्हणाले.

“म्हणजे निघते की गाडी.” काकांनी पट्टा सोडला. “म्हणजे पोरगंच खोटं.”

ते खाली उतरले, कागदाजवळ गेले आणि दगड बाजूला करून तो घडीवर घडी घालू लागले. बायको सात महिने पोराची बाजू घेऊन भांडतेय, आता तिलाही काय ते सांगून टाकतो, असं काहीतरी स्वतःशीच बोलत होते. मास्तर गाडीतच बसून होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! आठ मार्क आठच राहत होते, वाक्य खरं ठरत होतं, आणि तेही खुद्द त्या मुलाच्या बापाच्या साक्षीनं. फक्त गप्प बसायचं होतं. मास्तरांना स्वतःचीच इतकी किळस आली की स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढून मांडीवर ठेवले.

मग ते उतरले. “काका, थांबा. गाडी निघाली नाही. मी काढली.”

काकांना काही कळेना. मास्तरांनी सांगितलं, सगळं सांगितलं. गाडी घसरली होती. पंचवीस वर्षांच्या सवयीनं हातांनी ती सावरली. तुमच्या मुलाच्या हातांना ती सवय नसणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. टायरांचं सांगितलं. कापलेल्या दोन ओळींचं सांगितलं. आता मध्येच थांबायचं नाही एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काका वळले. गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले, अंगठ्याचं नख टायरात रुतवून पाहिलं, मग तळहात फिरवला.

“असला तळवा मी कुणाच्या बुटालाही लावत नाही,” ते म्हणाले. “ओल्या फरशीवर माणूस पडेल.” मग उठून पुन्हा आत जाऊन बसले. “चला. आता पोरासारखी चालवा.”

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी हातांना बजावून ठेवलं. तेच वळण, तेच साठ. मागची बाजू सुटली तेव्हा त्यांनी नवख्या माणसासारखं स्टिअरिंग घट्ट आवळलं आणि ब्रेक दाबला. गाडी गरकन फिरली, शंकू उडाले, आणि अर्धी गवतात जाऊन थांबली. फुलीच्या जागचा शंकू काकांच्या दाराखाली चिरडला होता. काका दोन्ही हातांनी पट्टा धरून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

“मी त्याला काय काय बोललो,” शेवटी ते म्हणाले. “पोटच्या पोराला.”

मास्तर त्यांना त्याच गाडीतून घरी सोडायला गेले, वाटभर चाळीसच्या वर न जाता. खाली दुकान, वर घर. दार मुलानंच उघडलं. बारीक झालेला, दाढी वाढलेली. दारात बापाला पाहून तो सवयीनं बाजूला झाला, वाट सोडून.

“साठच होते,” काका म्हणाले. “तू खरं बोलत होतास. मीच मूर्ख.”

आतून त्याची आई बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगा एवढ्यानं मोकळा होईल, रडेल, असं मास्तरांना वाटलं होतं. तो रडला नाही.

“साठ तरी का ठेवले मी, बाबा?” तो म्हणाला. “पाऊस होता. ती म्हणाली, दादा, हळू घे. मी म्हटलं, साठच आहे, छापून आलंय. मग ती काही बोलली नाही.”

मास्तर एक पायरी वर आले. “ते मी लिहिलं होतं,” ते म्हणाले. “अर्धवट लिहिलं होतं.”

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी मुलाच्या दंडाला धरलं, आणि मुलानं हात सोडवून घेतला नाही. मास्तरांना कुणी आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते पायरीवर उभे राहिले.